ट्रकचं इंजिन ऑइल गळतंय? पाना हातात घेण्याआधी गळती शोधा

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लच हाउसिंगच्या तळाशी ऑइलचा थेंब लटकताना दिसला की बहुतेक जण एकच निदान करतात: क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरतो, क्लच निघतो, गाडी उभी राहते, भाडं बुडतं. नवं सील बसतं आणि आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा थेंब येतो. अशा गाड्यांमध्ये ऑइल बरेचदा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं असतं. ते ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत खाली येतं आणि क्लच हाउसिंगच्या काठावर जमतं. काम होतं वरच्या पॅकिंगचं, खर्च झाला गिअरबॉक्स उतरवण्याचा.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. गळती नेमकी कुठून सुरू होते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. "भाऊ, गाडी मागून ऑइल फेकून राहिली," असं ड्रायव्हरने सांगितलं तर त्याने थेंब कुठे पाहिला एवढंच कळतं. गळती त्याच्या वर कुठेतरी असते, आणि धावत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो म्हणून ती बहुधा पुढेही असते.

आधी ठरवा: गाडी हलवायची की नाही

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून १०–१५ मिनिटं थांबा, मग गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढून पुसा आणि पुन्हा घालून लेव्हल बघा. लेव्हल खालच्या खुणेच्या खाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर पुढचा ढाबा येईपर्यंत रेटू नका, तिथेच बाजूला घ्या. प्रेशर गेलेलं इंजिन काही मिनिटांत बेअरिंग खातं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ऑइल टर्बोवर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतंय का, ते बघा. लोड घेऊन चढ चढताना टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. इंजिन ऑइलची वाफ साधारण २२०–२३० अंशांना ठिणगी मिळताच पेटते, आणि इतकं तापलेलं लोखंड असेल तर ठिणगीचीही गरज उरत नाही. त्या भागात ओल दिसली, जळक्या ऑइलचा वास आला किंवा केबिनखालून धूर येताना दिसला, तर गाडी टोचन करून न्या. थेंब लहान आहे म्हणून हे टाळू नका.

लेव्हल कमी होते पण खाली एकही थेंब नाही, असंही होतं. तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा. येत असेल तर इंजिन ऑइल पितंय. एअर टँकचा ड्रेन उघडून बघा. ऑइल निघालं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर ते वर फेकतोय. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंटवर तेलकट तवंग असेल तर ऑइल कूलरचा संशय घ्या. या तिन्हींमध्ये पॅकिंग बदलून काही साधत नाही.

गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवा, म्हणजे डाग कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी कळेल. डिझेल इंजिनातलं ऑइल काजळीमुळे लवकर काळं पडतं, त्यामुळे डाग काळा आणि गुळगुळीत असेल. गिअर ऑइल जास्त घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. डिझेल पातळ असतं आणि वासावरूनच कळतं. क्लच हाउसिंगच्या खालच्या थेंबाला गिअर ऑइलचा वास आला, तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे.

धुणं ही निम्मी दुरुस्ती आहे

नागपूरजवळ उमरेडच्या खाणीतून कोळसा वाहणारी किंवा कोराडीच्या वीजकेंद्राची राख भरणारी गाडी असेल, तर तिच्या इंजिनावर ऑइल आणि धुळीचा बोटभर लेप चढलेला असतो. त्या लेपातून काहीही शोधता येत नाही. फक्त एक उपयोग होतो: धुण्याआधी टॉर्च घेऊन नीट पाहा. जुनी गळती कोरडी, मातकट आणि कडक दिसते. चालू गळतीची वाट काळी आणि चकचकीत असते, कारण ताजं ऑइल तिथली धूळ सतत पुढे ढकलत असतं. ही चकाकणारी रेघ कुठून कुठे जाते त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. धुतल्यावर तो पुरावा जातो.

मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या, केबिन उचलली असेल तर तिचा लॉक बसल्याची खात्री करा. बॅटरीचा कट-ऑफ बंद करा. जाड लेप खरवडून काढा, डिझेल आणि ब्रशने घासा, डिग्रीझर मारून पाण्याने धुवा. पाण्याचा फवारा अल्टरनेटर, स्टार्टर, वायरिंगचे कनेक्टर, ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) आणि एअर फिल्टरच्या तोंडावर मारू नका. शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने कोपरे न् कोपरे कोरडे करा. डिझेलचा ओलावा उरला तर तोच गळतीसारखा दिसतो, म्हणून या कामात घाई नको.

आता सगळ्यात वरची ओली जागा शोधा

कोरड्या इंजिनावर संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन सुरू करून गरम होऊ द्या आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पुली, फॅन आणि पट्ट्यापासून हात व कपडे लांब ठेवा. पावडरीत जिथे पहिली काळी रेघ उमटेल, तिथे गळती सुरू होते. उभ्या गाडीत काहीच दिसलं नाही तर गाडी लोड घेऊन फिरवून आणा, कारण काही गळत्या फक्त लोडवरच उघड होतात. तरीही सापडत नसेल तर ऑइलमध्ये मिसळायची चमकणारी डाय मिळते. ती घालून गाडी फिरवली आणि अतिनील टॉर्च मारला की गळतीची वाट उजळते.

बघायचा क्रम असा ठेवा: टॅपेट कव्हरचा पूर्ण काठ, विशेषतः मागची बाजू, जिथे हात पोचत नाही म्हणून कोणी बघत नाही. मग टर्बोला ऑइल नेणारी पाइप आणि तिच्या बॅन्जो बोल्टची (ज्याच्या पोटातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) वायसरं, टर्बोची परतीची पाइप, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर आणि कूलरचा जोड, कॉम्प्रेसरचा जोड, टायमिंग कव्हर, क्रँकचं पुढचं सील, चेंबरचं (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग, ड्रेन प्लग. यातलं वरचं सगळं कोरडं निघालं आणि तरीही क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून इंजिन ऑइलच येत असेल, तरच मागच्या सीलचं नाव घ्या.

गळती कधी दिसते, याकडेही लक्ष द्या. मेअखेरच्या नवतपात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बोनेटखालचं रबर भाजून कडक होतं. साध्या नायट्राइल रबराची सहनशक्ती साधारण १००–१२० अंशांची, विटॉन रबराची सुमारे २०० अंशांची. उन्हाळ्यात कडक झालेलं सील डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे सुरू करताना गळतं आणि इंजिन तापल्यावर थांबतं. असं सील शेवटाला आलेलं असतं. गळती थांबली म्हणून ते सोडून देऊ नका.

सील बदलण्याआधी ब्रीदर

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि एकाच गाडीचं सील पुन्हा पुन्हा जातं त्याचं कारण बरेचदा इथे असतं. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ब्रीदरची पाइप चिखलाने किंवा काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर सीलमधून बाहेर पडतं. सील नवं घातलं तर दाब दुसरी जागा शोधतो.

पाइप काढून फुंकून बघा. बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून आलेल्या गाड्यांत, ब्रीदरची व्यवस्था बंदिस्त असू शकते आणि तिला ऑइल वेगळं करणारा फिल्टर असतो. त्याची बदलायची मुदत गाडीच्या पुस्तकात बघा. ब्रीदर मोकळा असूनही, इंजिन सावकाश चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर ते उडायला लागलं आणि खालून धुराचे झोत आले, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगांमधून गॅस जास्तच खाली उतरतोय. तिथे रिंग-लायनरचं काम आहे. थोडी वाफ येणं मात्र नेहमीचं आहे, तिला घाबरू नका.

दुरुस्ती

टॅपेट कव्हर किंवा चेंबरच्या पॅकिंगसाठी आधी सगळे बोल्ट नीट बसलेत का बघा. सैल निघाले तर पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतकेच (आवळायच्या ठरलेल्या जोराइतकेच) आवळा. गळती थांबावी म्हणून जोर लावला तर कॉर्कचं पॅकिंग चिरतं आणि पत्र्याच्या चेंबरचा काठ बोल्टच्या भोकाभोवती वाकतो. मग नवं पॅकिंगही टिकत नाही. जुनं पॅकिंग काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी स्क्रॅपरने साफ करा, अॅल्युमिनियमवर पोलादी पातं चालवू नका. पत्र्याचं चेंबर सपाट काचेवर ठेवून वाकलंय का ते तपासा. बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

सिलिकॉनबद्दल मला स्पष्ट सांगायचंय. जिथे कंपनीने सिलिकॉन सांगितलंय तिथेच लावा, २–३ मिलिमीटरची एकसंध रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं सिलिकॉन आत दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. बाहेरून गळती थांबलेली दिसते आणि आत इंजिन ऑइलविना मरतं. बाहेरून फासलेलं सिलिकॉन तर अजिबात टिकत नाही. ट्यूबवर लिहिलेला वाळायचा वेळ पूर्ण द्या.

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाब येताच ऑइलची धार लागते. नव्या रिंगेला ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग फिल्टरवर लिहिलेला, साधारण पाऊण फेरा द्या. ड्रेन प्लगचं तांब्याचं वायसर प्रत्येक वेळी नवं घाला. रस्त्यात नवं मिळालं नाही तर जुनं लालभडक तापवून थंड केल्यावर मऊ पडतं आणि तात्पुरतं चालतं.

ऑइल सीलमध्ये स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असते. रबरी ओठाच्या सीलला थोडं ऑइल लावून बसवा. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील मात्र कोरडंच बसवायचं असतं, पाकिटावरची सूचना वाचा. शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील त्याच रेषेत गळणारच. तिथे शाफ्टवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवा किंवा जागा असेल तर सील थोडं पुढे-मागे बसवा.

गळती लपवायला जास्त घट्ट ऑइल भरू नका. पुस्तकात १५डब्ल्यू४० (हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) असेल तर तेच, आणि बीएस ६ ला सांगितलेलाच दर्जा. काढलेलं जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते नालीत न ओतता डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या. नागपुरात नालीतलं ऑइल शेवटी नाग नदीतच जातं.

खात्री

इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवा, बंद करून लेव्हल भरा, पुन्हा पावडर भुरभुरा. मग भरलेली गाडी नागपूरहून अमरावतीपर्यंत, म्हणजे साधारण १५० किलोमीटर न्या आणि तिथे टॉर्च घेऊन परत तीच जागा बघा. कॉर्क किंवा रबरी पॅकिंगचे बोल्ट थोडे सैल पडलेले आढळले तर इंजिन थंड झाल्यावर ठरलेल्या टॉर्कला आणा. सिलिकॉनवर बसवलेले बोल्ट पुन्हा आवळू नका, वाळलेला थर तुटतो.