जुनी संगणक मासिकं: जमवावी कशी, मांडावी कशी

आधी एक मासिक, एक यंत्र किंवा चार-पाच वर्षांचा एखादा काळ धरा. दिसेल ते उचललं तर वर्षभरात घरात रद्दी साठते. 'अल्टेअर ८८००' हा सुरुवातीचा घरगुती संगणक मुखपृष्ठावर असलेला जानेवारी १९७५चा 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' आणि त्याच वर्षी सप्टेंबरात निघालेला 'बाइट'चा पहिला अंक सगळ्यांनाच हवा असतो. त्यांच्या नादी लागण्यापेक्षा ऐंशीच्या दशकातले साधे अंक घ्या. टाइप करून चालवायचे 'बेसिक' या संगणकभाषेतले प्रोग्रॅम आणि मेमरीच्या पानभर जाहिराती तिथेच भरभरून मिळतात.

घेताना पानं मोजा, कूपनं कापलेली नाहीत ना ते बघा. प्रोग्रॅमच्या ओळीत कुणी पेनाने दुरुस्ती केली असेल तर अंक टाकून देऊ नका. कुणीतरी तो खरंच टाइप करून छपाईची चूक पकडलेली असते. मला असे अंक कोऱ्यांपेक्षा प्यारे.

कुबट वासाचा अंक बाकीच्यांपासून लांब ठेवा. धूळ मऊ ब्रशने झाडा.

आता गंजलेल्या पिना. मला सगळ्यात जास्त छळलंय ते या कामाने. 'लिंबू चोळा', 'व्हिनेगर लावा' असले सल्ले देणाऱ्यांनी जुना कागद हातात धरलेला नसतो. कागदाला आम्लच खातं, वर आणखी कशाला ओतायचं? गंजाचा डाग राहू द्या, पिन काढा. पिन चकचकीत असेल तर मात्र हातही लावू नका.

अंक बरोबर मध्यावर उघडा. पिनेचे दुमडलेले पाय आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, म्हणजे हत्यार घसरलं तरी पान वाचतं. बोथट, चपट्या पात्याने एकेक पाय उभा करा. कागद गंजाला चिकटला असेल तर ओढायचं नाही. कडेकडेने, केसभर सरकत सोडवायचा. पाय तुटला तर तुटू द्या, कागद फाटता कामा नये. मग अंक उलटा करून पाठीकडून चिमट्याने पिन सरळ बाहेर घ्या. पिना उपसायचा जबडेवाला रिमूव्हर इथे आणायचाच नाही, तो भोकासकट पान उचकटतो. गंजाची भुकटी कोरड्या ब्रशने काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आत गाठ मारा. नवी पिन मारू नका. दमट हवेत पुन्हा तेच.

पाठ डिंकाने चिकटवलेले जाडे अंक कधीच सपाट उघडू नका, पानं सुटतात. स्कॅन करायचा हट्ट असेल तर अर्धवट उघडून वरून फोटो घ्या.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. नव्या रेनकोटसारखा वास येणारी पीव्हीसीची पिशवी फेकून द्या, ती कालांतराने शाईला चिकटते.

मांडणीबद्दल माझं मत पक्कं आहे: भिंतीवर मूळ अंक लावायचा नाही. उन्हात पिवळा आणि लाल रंग आधी उडतात, मुखपृष्ठ निळसर पडतं आणि गेलेला रंग परत येत नाही. अतिनील किरण अडवणारी काच थोडा वेळ मिळवून देते, एवढंच. साधा उजेडही रंग खातोच. फ्रेममध्ये रंगीत प्रत लावा. मूळ अंक दाखवायचाच असेल तर तिरक्या आधारावर, खिडकीपासून दूर, आणि दर महिन्याला बदलून. कपाटात पातळ अंक आडवे ठेवा. जाडे उभे चालतील, पण दोन्ही बाजूंनी टेकू द्या, कललेल्या अंकाची पाठ वाकडी होते.

कव्हरवर चिकटवून दिलेल्या प्रोग्रॅमच्या कॅसेट अंकातून काढून वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर मुखपृष्ठावर त्यांचा चौकोनी वळ उठतो.