हियायाक्को: चूल न पेटवता टोफू, आणि बशीतलं तळं टाळायचं कसं

जपानमध्ये उन्हाळा लागला की घरात, खानावळीत, दारूच्या गुत्त्यावर, सगळीकडे हा पदार्थ समोर येतो. थंडगार टोफूची एक वडी, वर किसलेलं आलं, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि सोया सॉस. गॅस पेटवायचा नाही, तेल तापवायचं नाही. कृती वाचून ‘यात शिकण्यासारखं काय आहे?’ असं वाटतं. मग पाचव्या मिनिटाला टोफू बशीत पोहायला लागतो, सॉसचं फिकट तपकिरी पाणी होतं आणि खाणारा म्हणतो, ‘टोफूला चवच नसते बुवा.’ चव असते. ती पाण्यात वाहून गेलेली असते.

दोघांना पुरेल असं सामान: मऊ टोफू ३०० ग्रॅम, सोया सॉस दोन मोठे चमचे, भाजलेल्या तिळाचं तेल एक छोटा चमचा, लिंबाचे चार थेंब, चिमूटभर साखर, अर्धा इंच आलं, पातीच्या दोन काड्या, थोडे भाजलेले तीळ.

टोफू कुठला घ्यायचा, यावर निम्मा खेळ ठरतो. या पदार्थाला जपानी लोक मुख्यतः ‘किनुगोशी’ वापरतात. त्यात दाट सोयादुधात ते गोठवणारा घटक घालून ते साच्यातच गोठू देतात, दाबत नाहीत. दुसरा प्रकार ‘मोमेन’. त्यात गोठलेलं दूध मोडून, कापड लावलेल्या पेटीत वजनाखाली दाबतात, म्हणून तो घट्ट आणि किंचित खरबरीत लागतो. मोमेनचाही हियायाक्को होतो, काही जुन्या खवय्यांना तोच आवडतो. आपल्याकडे सुपरमार्केटात ‘सोया पनीर’ म्हणून मिळतो तो याहूनही घट्ट असतो. त्याचे मोठे चौकोन करून वर सॉस ओतलात तर खोडरबर चावल्यासारखं वाटेल. तोच हाताशी असेल तर अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ चकत्या कापा आणि बशीत पसरून मांडा. पुण्या-मुंबईत पाकिटावर ‘सिल्कन’ असं लिहिलेला मऊ टोफू मोठ्या दुकानांत मिळतो. परदेशातल्या मराठी मंडळींना तर कोपऱ्यावरच्या आशियाई दुकानात चार प्रकार दिसतील.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. न शिजवता खायचा टोफू सीलबंद पाकिटातलाच घ्या. तो बनताना सोयादूध उकळलेलं असतं, त्यामुळे बंद पाकिटातला टोफू कच्चा नसतो. पण डेअरीत उघड्या बादलीत, पाण्यात ठेवलेला टोफू कुणी कुठल्या हातानं काढला हे आपल्याला माहीत नसतं. तो आणलात तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घाला, निथळा, गार करा आणि मगच पुढे जा. तारीख उलटलेला किंवा आंबूस वास येणारा टोफू सॉसखाली लपवायला जाऊ नका.

आता पाणी.

किनुगोशीत शंभर ग्रॅममागे साधारण ८८ ग्रॅम पाणीच असतं. ते जाळ्यासारख्या प्रथिनांच्या बांधणीत अडकलेलं असतं. वडी कापली की जाळं तुटतं आणि पाणी झिरपायला लागतं. वर खारट सॉस पडला की आणखी ओढलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ घालून ठेवलं की जे होतं, तेच इथे होतं. म्हणजे पाणी सुटणार हे नक्की. ते बशीत सुटू द्यायचं की त्याआधी, एवढंच आपल्या हातात आहे.

या टप्प्यानं मला पुष्कळ दिवस छळलं. त्याला कारण जागोजागी मिळणारा एकच सल्ला: ‘टोफूवर जड पातेलं ठेवून अर्धा तास दाबा.’ तळायच्या घट्ट टोफूसाठी तो बरोबर आहे. किनुगोशीवर पातेलं ठेवलंत तर वडी कडेनं फुटते आणि मधून भेगाळते. पाणी थोडंफार निघतं, पण हाती उरतो तो चुरा. मऊ टोफूवर वजन ठेवायचं नाही. त्याच्या स्वतःच्या वजनानं जेवढं पाणी निघतं तेवढं पुरेसं असतं, फक्त त्याला वेळ आणि उतार मिळाला पाहिजे.

आधी वडी अख्खी बाहेर काढणं. पाकिटावरची प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी झाकणी ओढून फाडू नका. पातळ सुरीनं कडेकडेनं चारही बाजूंनी कापा. आत पाणी असेल तर ओतून द्या. काही पाकिटांत पाणी नसतंच, कारण सोयादूध पाकिटातच भरून, बंद करून गोठवलेलं असतं. अशी वडी भिंतींना चिकटून बसते, तिच्या कडेनं सुरीचं पातं एकदा फिरवा. मग पाकिटावर पसरट बशी पालथी धरा आणि दोन्ही मिळून एका झटक्यात उलटे करा. वडी खाली येणार नाही. बहुतेक लोक इथे पाकीट हलवतात, थोपटतात आणि वडीचे दोन तुकडे करून घेतात. तसं करू नका. वर आलेल्या तळाचा एक कोपरा कात्रीनं इवलासा कापा. आत हवा शिरते आणि वडी ‘प्लॉप’ करून आपोआप बशीत बसते. ही युक्ती कुणी आधी सांगितली असती तर माझ्या पुष्कळ वड्या वाचल्या असत्या. कागदी खोक्यातला टोफू असेल तर खोक्याच्या कडा कात्रीनं उघडून सपाट करा, वडी मोकळी होते.

मग निथळणं. सपाट ताटलीत स्वच्छ सुती फडक्याची चार पदरी घडी घाला. किचन टॉवेलचा कागद चालतो, पण तो ओला झाला की वडीला चिकटतो, म्हणून मला जुन्या धुवट पंचाचं फडकं जास्त भरवशाचं वाटतं. फक्त त्याला कपड्याच्या साबणाचा वास नको, टोफू तो लगेच उचलतो. वडी घडीवर ठेवा. ताटलीच्या एका बाजूखाली चमचा सरकवा, म्हणजे उतार येईल आणि सुटलेलं पाणी वडीच्या बुडाशी साचणार नाही. वर वाडगा पालथा घाला, वडीला न टेकता. हा वाडगा ऐच्छिक नाही. फ्रीजमधला चिरलेला कांदा, लसणाची चटणी, सुकट, सगळ्यांचा वास टोफू घेतो. असं सगळं फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. पंधरा मिनिटांनी फडकं ओलंचिंब दिसलं तर कोरडी बाजू वर आणा. अर्ध्या तासानंतर ताटलीच्या खालच्या कडेला चमचाभर ते दोन चमचे पाणी जमलेलं दिसेल आणि वडीचा वरचा भाग ओला चकाकायचा थांबून मंद, चिनीमातीसारखा दिसायला लागेल. तो दिसला की झालं.

घाई असेल तर वडीच्या वरच्या बाजूवर पाव चमचा मीठ हलकेच पसरा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी भराभर सुटतं. मग टिपून घ्या आणि सॉस निम्मा करा, नाहीतर खारट होईल.

निथळत असताना वडी कापायची नाही. प्रत्येक काप म्हणजे पाण्याला नवा दरवाजा. जपानी घरांत टोफू तळहातावर ठेवून सुरी सरळ खाली दाबत कापतात, मागे-पुढे ओढत नाहीत. बघायला छान वाटतं, पण सवय नसेल तर हा प्रयोग तुम्ही करू नका. रुंद उलथन्यानं वडी कोरड्या बशीत सरकवा, तिथेच ओल्या सुरीनं दोन किंवा चार भाग करा आणि विषय संपवा. वाढताना वडी अख्खी ठेवून चमच्यानं तोडत खाल्ली तरी हरकत नाही. मला तीच पद्धत आवडते.

सॉसबद्दल माझी मतं टोकाची आहेत. आपल्या चायनीज गाड्यावरचा काळा, दाट सोया सॉस इथे चालत नाही. त्यात बहुधा रंगासाठी कॅरॅमल आणि वर आंबट काहीतरी घातलेलं असतं. मोठ्या आचेवर परतलेल्या नूडल्समध्ये ते खपतं, कच्च्या टोफूवर नुसता डंख मारतं. बाटलीच्या मागे सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल आणि ‘नॅचरली ब्रूड’ लिहिलेलं असेल तर घ्या. गहू चालत नसेल तर गहू नसलेला तामारी शोधा, पण लेबल वाचून, कारण काही तामारीतही थोडा गहू असतो. फिकट रंगाचा ‘उसुकुची’ कमी खारट असेल असा समज करून घेऊ नका. तो नेहमीच्यापेक्षा जास्त खारट असतो.

तिळाच्या तेलाचीही गफलत होते. घाण्याचं तीळ तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो खमंग वास नसतो. भाजलेल्या तिळाचं गडद तेल मिळालं नाही तर तेल वगळा आणि भाजलेले तीळ खलबत्त्यात जाडसर कुटून घाला. आणि कृपा करून मोहरी-हिंगाची फोडणी देऊ नका. हात शिवशिवतो, मान्य आहे. पण मग तो वेगळा पदार्थ झाला आणि गॅसही पेटवावा लागला.

शाकाहारी मंडळींनी इकडे लक्ष द्या. जपानमध्ये वर गुलाबी-तपकिरी भुग्यासारखे जे पापुद्रे घालतात ते काट्सुओबुशी, म्हणजे कुपा जातीच्या माशाला धूर देऊन, वाळवून लाकडासारखं कडक करून तासलेले. ते सांगून काढून टाकता येतात. पण ‘मेनत्सुयु’ किंवा ‘दाशी शोयु’ नावाच्या तयार सॉसमध्ये बहुतेक वेळा हाच मासा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी कोम्बू नावाच्या वाळलेल्या समुद्री शेवाळाचा बोटभर तुकडा अर्ध्या वाटी सोया सॉसमध्ये रात्रभर फ्रीजमध्ये भिजत ठेवा. सकाळपर्यंत सॉस गोलाई धरतो. मासे खाणाऱ्यांनी आधीच भाजून ठेवलेला कुरकुरीत जवळा वर भुरभुरून बघावा. जपानमध्येही बारीक सुकी कोळंबी अशी घालतात, त्यामुळे कोकणातल्या घरी हे काही परकं वाटणार नाही.

सॉस, तेल, लिंबू, साखर वाटीत ढवळा. आलं बारीक किसणीवर किसा, चोथा काढून टाका. पात जितकी बारीक चिराल तितकी चांगली. पाच मिनिटं थंड पाण्यात ठेवून फडक्यात घट्ट पिळा, नाहीतर तीच पुन्हा पाणी सोडेल.

मांडणी शेवटच्या मिनिटाला. पाहुणे ताटावर बसले की टोफूवर आधी पात, मग आलं, मग तीळ घाला. सॉस थोडा वरून, थोडा कडेनं सोडा. उरलेला वाटीतच राहू द्या, ज्याला हवा तो घेईल. आदल्या रात्री सॉसमध्ये मुरवत ठेवायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. सकाळी हाती येईल तो खारट पाण्यात बुडालेला आकसलेला गोळा.

उरलेला, सॉस न लागलेला टोफू डब्यात ताज्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी तो कच्चा खाण्यापेक्षा सूपमध्ये घाला, नाहीतर कुस्करून बुर्जी करा. फोडणी तिथे द्या.