वेबसाइटवर आवाज टाकताय? आधी कूलर बंद करा

केळीची रोपं, ठिबकचं सामान किंवा शेवभाजीचा मसाला विकणाऱ्याच्या वेबसाइटवर मालकाचा स्वतःचा आवाज असला, तर गिऱ्हाईक लवकर विश्वास ठेवतं. बोली मात्र गिऱ्हाईक पाहून ठरवा: धुळे-साक्रीकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली. भाड्याच्या निवेदकाची गुळगुळीत पुस्तकी मराठी इथे उगाच परकी वाटते.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. अडचण खोलीची असते. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर बंद करणं जिवावर येतं, पण त्याची घरघर नंतर काढली की आवाजही पोकळ होतो. म्हणून पहाटे बसा, गाद्या-गोधड्यांच्या खोलीत. रिकाम्या गाळ्यात आवाज घुमतो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका धरा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर थेट माइकवर बसत नाही.

फाइल एमपीथ्री, मोनो (एकच चॅनेल), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवा. मिनिटाला जेमतेम ४८० केबी होतात, बोलण्याला एवढं भरपूर. पान उघडताच आवाज सुरू करायचा हट्ट सोडा. क्रोम ब्राउझरने २०१८ पासूनच ते बहुतेक वेळा अडवलंय, आणि बरंच केलं. बँकेच्या रांगेत कुणाचा फोन अचानक बोलू लागला तर तो माणूस पान बंदच करणार. साधा ऑडिओ टॅग (पानावर आवाज बसवणारा एचटीएमएल कोड), दिसणारं प्ले बटण आणि प्रीलोड ‘नन’ (प्ले दाबेपर्यंत फाइल उतरवू नको) एवढं ठेवा, म्हणजे न ऐकणाऱ्याचा डेटा जात नाही.

खाली तेच बोलणं लिहूनही द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता येतं, गूगललाही सापडतं. सतत बदलणारा भाव मात्र आवाजात सांगू नका, केळीचा तर नाहीच.