सॅजिनॉ स्टिअरिंग बॉक्सला हायड्रॉलिक असिस्टसाठी आटे पाडणे

३५ इंचाच्या वरचे टायर, पुढचा डिफरेन्शियल लॉक आणि दगडांच्या खाचेत अडकलेलं चाक, एवढं जमलं की साधं पॉवर स्टिअरिंग हात टेकतं. जोर लावत राहिलात तर तो स्टिअरिंग बॉक्सच्या सेक्टर शाफ्टवर (बॉक्समधून बाहेर येऊन चाकांकडे जोर नेणारा दांडा) आणि चॅसीवर येतो. १९७३ ते १९८७ या काळातल्या शेव्हरोले फोर-बाय-फोर पिकअपची चॅसी बॉक्सच्या बोल्टांपाशी तडकते, हे अमेरिकेतल्या ऑफ-रोडवाल्यांना पाठ आहे. हायड्रॉलिक असिस्टमध्ये अ‍ॅक्सल आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारी सळई) यांच्यामध्ये एक सिलिंडर बसतो, त्याला रॅम म्हणतात. बॉक्समधल्या पिस्टनच्या दोन्ही बाजूंचा दाब होजने रॅमला मिळतो आणि चाक वळवण्याचा बराचसा जोर तिथेच लागतो. त्यासाठी बॉक्सला दोन भोकं पाडून होजच्या फिटिंगसाठी आटे काढावे लागतात. पिटमन आर्म आणि ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सपासून चाकांपर्यंतचे नेहमीचे दुवे, जागच्या जागी राहतात. होज फुटला तरी गाडी वळते, फक्त दोन्ही हातांनी ओढावी लागते.

इथे उदाहरण सॅजिनॉ ८०० मालिकेच्या बॉक्सचं घेतलं आहे. जीएमचे (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची कंपनी) पिकअप आणि बऱ्याच जीपमध्ये हाच बॉक्स असतो.

आधी रॅमचा हिशोब, कारण तो चुकला तर बॉक्स उगाच उघडला असं होतं. दीड इंच बोअर (आतला व्यास) आणि पाऊण इंच रॉडचा दोन्हीकडे रॉड असलेला रॅम घेतला, तर दाबाला मिळणारं क्षेत्रफळ साधारण १.३३ चौरस इंच. पंप १२०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) देत असेल तर जोर सुमारे १६०० पौंड, म्हणजे ७२० किलोच्या आसपास. एकाच बाजूला रॉड असलेला रॅम स्वस्त आणि बसवायला सुटसुटीत, पण त्याची ढकल आणि ओढ सारखी नसते. २ इंच बोअरचा मोह टाळा. जोर वाढतो, पण तेवढंच तेलही जास्त लागतं. पंप ते पुरवू शकला नाही तर चाक भराभर फिरवताना स्टिअरिंग अचानक जड होतं.

स्ट्रोक, म्हणजे रॅमची सरकण्याची लांबी, नकल आर्मवरून (चाकाला वळवणारा, टाय रॉडला जोडलेला आर्म) ठरतो. आर्म ६ इंच आणि चाक दोन्हीकडे ३५ अंश वळत असेल, तर टाय रॉड एकूण ६.९ इंच सरकतो. इथे ८ इंचाचा रॅम घ्या आणि चाकं सरळ असताना तो बरोबर मध्यावर येईल असा बांधा. अ‍ॅक्सलवरचे स्टॉप बोल्ट रॅम संपायच्या आधी टेकले पाहिजेत. रॅमलाच स्टॉप बनवलं की त्याचे ब्रॅकेट वाकतात किंवा वेल्ड सुटतो.

आता बॉक्स. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून बॉक्स न उघडताच भोक पाडणारे लोक आहेत. तसं करू नये. बॉक्सचं घर (बाहेरचं कवच) बिडाचं आहे आणि बिडाचा चुरा बारीक वाळूसारखा असतो. तो स्पूल व्हॉल्व्हमध्ये (तेलाची दिशा ठरवणारा व्हॉल्व्ह) गेला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, आणि पिस्टनच्या टेफ्लॉन रिंगखाली गेला की बोअरला ओरखडे पडतात. म्हणून बॉक्स पूर्ण खोला.

स्टब शाफ्ट (स्टिअरिंग कॉलमला जोडला जाणारा छोटा दांडा) मध्यावर आणून खूण करा. सेक्टरच्या झाकणाचे चार बोल्ट काढा आणि झाकणासकट सेक्टर शाफ्ट बाहेर घ्या. टोकाच्या टोपणाची रिटेनिंग रिंग घराच्या बाजूच्या बारीक भोकातून सुंभ्याने उचलता येते. मग स्टब शाफ्ट हळू फिरवला की पिस्टन ते टोपण बाहेर ढकलतो. तिथेच थांबा. आणखी फिरवलंत तर पिस्टन आणि वर्म (आतला आट्यांचा दांडा) यांच्यामधले छर्रे घरात सांडतात. पिस्टनच्या टोकाचा प्लग काढून त्या बाजूने योग्य जाडीचा गोल दांडा वर्मला भिडवा आणि पिस्टन त्या दांड्यावर सरकवून काढा, म्हणजे छर्रे आतच राहतात. सांडलेच तर काळे आणि चकचकीत वेगळे करा. त्यांच्या मापात किंचित फरक असतो आणि ते आलटून पालटून बसतात. शेवटी अ‍ॅडजस्टर सोडवून व्हॉल्व्ह काढा.

सगळ्यात जास्त वेळ भोकाची जागा ठरवण्यात घालवा. पिस्टनला टेफ्लॉनची एकच रिंग असते आणि तीच दोन दाब वेगळे ठेवते. रिंग ज्या पट्ट्यात पुढेमागे होते त्या पट्ट्यात भोक उघडलं, तर त्याची कड प्रत्येक वळणाला रिंग कातरते. छर्रे जागेवर ठेवूनच पिस्टन आणि सेक्टर तात्पुरते बसवा, दोन्ही टोकांपर्यंत नेऊन रिंग कुठवर येते ते मोजा आणि ती मापं घराच्या बाहेरच्या अंगावर खडूने उतरवा. एक भोक टोपणाच्या बाजूला, पण ओ-रिंग आणि रिटेनिंग रिंगच्या खाचांपासून दूर. दुसरं व्हॉल्व्हच्या बाजूला, रिंगच्या पल्ल्याबाहेर. घराच्या अंगावर जो लांबट उंचवटा दिसतो, त्यातून व्हॉल्व्हकडून टोपणाकडे तेल जातं. तो रस्ता कुठे उघडतो हे फुंकणीच्या हवेने पाहून घ्या. जिथे बीड जाड आहे तिथेच आटे धरतील. पिटमन आर्म, चॅसी आणि स्प्रिंग यांना फिटिंग अडणार नाही ना, हेही याच वेळी बघा.

आट्यांचे दोन पर्याय. ९/१६-१८ चे सरळ ओ-रिंगवाले आटे सर्वांत चांगले, पण त्यांना भोकाभोवती सपाट बैठक लागते. ड्रिल ३३/६४ इंच. बैठकीला जागा नसेल तर पाव इंची एनपीटी (अमेरिकन निमुळते पाइप आटे), ड्रिल ७/१६ इंच. एनपीटी निमुळतं असल्यामुळे पाचरीसारखं घुसतं आणि पातळ बीड फोडतं, म्हणून ते जरा जपून.

पुण्या-मुंबईत होज बनवून घेत असाल तर एक सावधगिरी. आपल्याकडच्या हायड्रॉलिक दुकानांत बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) सर्रास मिळतं. पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे आणि कोन ५५ अंश, एनपीटीला १८ आटे आणि ६० अंश. पहिले दोन-तीन फेरे एकमेकांत बसतात आणि मग दाबाखाली गळतात.

घर ड्रिल प्रेसच्या व्हाइसमध्ये पक्कं धरा. हातड्रिलने भोक तिरपं जातं. आधी ६ मिमीचं भोक आरपार, मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांवर. मग टॅपचं ड्रिल फक्त आट्यांच्या खोलीपुरतं, ५०० ते ६०० फेऱ्यांवर. आत लहानच भोक राहिलं की कड कमी आणि बीड शाबूत. बिडाला कूलंट लागत नाही. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एनपीटीमध्ये वरचेवर फिटिंग लावून पाहा. हाताने तीन-साडेतीन फेरे गेलं की थांबा, उरलेले दीड-दोन फेरे पान्ह्याने. टॅप जास्त खोल गेला तर फिटिंग घट्ट होण्याआधीच आत उतरतं आणि ते घर वाया जातं.

आतली कड बारीक कानसने मारून वर पॉलिश पेपर फिरवा. मग सॉल्व्हंट, बाटली धुण्याचा ब्रश आणि हवा, प्रत्येक रस्त्यातून दोन्ही दिशांनी. पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उमटत असेल तर पुन्हा धुवा. एनपीटी फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे धागे तुटून थेट व्हॉल्व्हमध्ये जातात. पातळ थ्रेड सीलंट लावा, पहिला आटा मोकळा ठेवून.

जोडताना सगळे सील आणि टेफ्लॉन रिंग नवी. सेक्टरचा स्क्रू बॉक्स बरोबर मध्यावर असतानाच कसा. मध्ये दात मुद्दाम घट्ट बसतात. बाजूला असताना कसलात तर सरळ जाताना स्टिअरिंग अडखळेल. पंपाचा दाब वाढवायच्या फंदात पडू नका, पिटमन आर्मजवळचं सील आधी बाहेर येतं.

होज पाव इंची आर-२ दर्जाचे (तारेच्या दोन जाळ्यांचे), टायर आणि सायलेन्सरपासून दूर. परतीच्या नळीवर छोटा कूलर लावा.

हवा काढताना पुढची चाकं उचला. इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा हळू फिरवा, तेल भरत राहा. तेल फेसाळलं तर अर्धा तास थांबा. इंजिन सुरू केल्यावर स्टिअरिंग घट्ट अडलं किंवा उलट ढकलू लागलं, तर रॅमचे दोन होज उलटे लागले आहेत. रॅमकडची टोकं अदलाबदल करा. पहिल्या दिवसानंतर बॉक्सचे बोल्ट पुन्हा कसा आणि टाकीतलं तेल उजेडात धरा. त्यात चमचम दिसली तर गाडी तिथेच उभी करा आणि बॉक्स उघडा.

ब्रेकला हायड्रो-बूस्ट असलेल्या जीएम ट्रकमध्ये स्टिअरिंगचाच पंप ब्रेकला जोर देतो. तिथे होज फुटला की साठवलेल्या दाबावर एक-दोनदाच ब्रेक नीट लागतो, त्यामुळे अशा गाडीत होज कुठे घासतोय का ते दर फेरीआधी पाहा. भारतात रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असा बदल करायचा असेल तर गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालणारं मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. फक्त ट्रॅकवर चालवायची, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तरच हे काम हाती घ्या.