पत्त्यांचा कॅट घेऊन गणितात शिरताना

बी.एस्सी.ला गणित घेतलेली लातूर-नांदेडकडची पोरं मला हमखास विचारतात, "सर, संशोधन म्हणजे नेमकं करायचं काय?" मी त्यांना आधी पत्त्यांचा कॅट आणायला सांगतो. आपल्याकडे पत्ते म्हटलं की घरच्यांना जुगार आठवतो, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा.

एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत आठ पत्ते ओळीनं लावा. बरोबर निम्मे करा आणि वरच्या गठ्ठ्यातला एक, खालच्यातला एक असे गुंफत जा: १ ५ २ ६ ३ ७ ४ ८. पुन्हा तसंच: १ ३ ५ ७ २ ४ ६ ८. तिसऱ्यांदा पिसलं की सगळे जागच्या जागी. आता २, ४, ६, ८, १० असे पत्ते घ्या आणि कितव्या पिसणीला मूळ क्रम येतो ते वहीत मांडा: १, २, ४, ३, ६, १०, १२, ४... चौदा पत्त्यांना १२ पिसण्या लागतात, सोळांना चारच!

इथं लगेच मोबाईल उघडू नका. उदगीरची एक विद्यार्थिनी या आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "सर, २, ४, ८, १६, ३२ पत्त्यांना १, २, ३, ४, ५ येतंय." हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कारण असं. जागा शून्यापासून मोजल्या तर दर पिसणीला पत्त्याची जागा दुप्पट होते. ५२ पत्त्यांत ती ५० च्या पुढे गेली की ५१ वजा करायचे. शेवटचा पत्ता हलतच नाही. २ चा आठवा घात २५६, त्याला ५१ नं भागलं की बाकी १. म्हणून आठ पिसण्यांत अख्खा कॅट पूर्ववत. दोन जोकर घाला, भाजक ५३ होतो आणि लागतात ५२ पिसण्या. एखादी क्रिया कमीत कमी किती वेळा केली की सगळं मूळ जागी येतं, तो आकडा म्हणजे ग्रुप थिअरीतली (गटसिद्धांतातली) 'ऑर्डर', ती हीच. परीक्षेपुरती व्याख्या सगळ्यांना पाठ असते. मला तिचा खरा अर्थ हातात पत्ते असताना लागला.

मग गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला पूर्णांक क्रमिकांचा संग्रह ऑनलाइन उघडा. तो फुकट आहे. सात-आठ पदं टाकली की आपली क्रमिका ए००२३२६ या क्रमांकाखाली सापडते. सूत्रांपेक्षा तिथल्या टिपा आधी वाचा, पुढचे प्रश्न तिथंच मिळतात.

एक मोठा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ६, १२, १४, २०, ५४ पत्त्यांना पत्त्यांच्या संख्येपेक्षा दोननं कमी पिसण्या लागतात. असे कॅट अनंत आहेत का? गणितज्ञ आर्टिन यांच्या १९२७ च्या अनुमानानुसार (म्हणजे सिद्ध न झालेल्या अंदाजानुसार) आहेत. हूली यांनी १९६७ मध्ये ते सिद्ध केलं, पण व्यापक रीमान गृहीतक खरं मानून, आणि तेच अजून सिद्ध झालेलं नाही.

पुढचं काम तुमचं. या वेळी खालच्या गठ्ठ्यातला पत्ता आधी टाका, म्हणजे वरचा आत जाईल. आता ५२ पत्त्यांना आठ नाही, ५२ पिसण्या लागतात. भाजक ५१ चा ५३ कसा झाला, ते कागदावर मांडून बघा.