नवी दुर्बीण, जुनीच घाई: जठरातला सुरुवातीचा कॅन्सर निसटतो कुठे?

दुर्बिणीच्या दांड्यावर नॅरो बँड इमेजिंगचं बटण असतं. ते दाबलं की कॅन्सर आपण होऊन समोर येतो, असं नव्याने एंडोस्कोपी शिकणाऱ्या अनेकांना वाटतं. तसं होत नाही. हा प्रकाश ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा, निळा आणि हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. अन्ननलिकेच्या अरुंद नळीत हे छान जमतं. फुगवलेल्या जठरात दुरून मात्र, विशेषतः जुन्या यंत्रांवर, चित्र काळवंडतं. आधी पांढऱ्या प्रकाशात जागा हेरा: थोडीशी लाली, फिकट पट्टा, मध्येच तुटलेली घडी, हात न लावता झिरपणारं रक्त. मग जवळ जाऊन, बटण दाबून, मोठं करून बघा.

पण त्याच्याही आधी जठर धुवा. फेस आणि चिकट थराखाली पाच मिलिमीटरचा डाग सहज दडतो. तपासणीच्या थोडं आधी सिमेथिकोन (फेस मोडणारं औषध) आणि एन-ॲसिटिलसिस्टीन (चिकट थर पातळ करणारं) पाण्यातून प्यायला दिलं, तर निम्मं काम तिथेच होतं. जपानमध्ये प्रोनेज हे चिकट थर विरघळवणारं एन्झाइम वापरतात. राहिलेलं धुताना पाण्याचा झोत थेट डागावर मारू नका. रक्त सुटलं की पुढचं बारीक निरीक्षण संपलंच.

हवा कमी भरणं ही नेहमीची चूक. मोठ्या वक्रतेच्या, म्हणजे जठराच्या बाहेरच्या लांब वळणाच्या, घड्या पूर्ण उलगडल्याशिवाय पुढे सरकू नका. आणि भरपूर हवा देऊनही भिंत ताठच राहिली, तर यंत्राला दोष देऊ नका. भिंतीत आतून पसरणारा कॅन्सर असाच वागतो.

घड्याळाकडेही बघा. सिंगापूरच्या २०१५च्या एका अभ्यासात सरासरी ७ मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना धोक्याच्या जागा घाई करणाऱ्यांच्या दुप्पट सापडल्या. जपानचे एंडोस्कोपी तज्ज्ञ केन्शी याओ यांनी ठरावीक क्रमाने २२ फोटो घेण्याची पद्धत मांडली, ती याचसाठी. जठराच्या वरच्या भागाची मागची भिंत आणि लहान वक्रता (आतलं आखूड वळण) क्रम नसला की हमखास राहून जातात.

मोठं केलेलं चित्र वाचताना आधी डाग आणि निरोगी अस्तर यांतली सीमारेषा शोधा, मग तिच्या आतल्या रक्तवाहिन्या आणि पृष्ठभागाची नक्षी वेडीवाकडी आहे का ते पाहा. याओ यांचीच ही रीत. मात्र सिग्नेट रिंग या कॅन्सरच्या प्रकारात पेशी शाबूत अस्तराखालून पसरतात. तिथे नुसता फिकट डाग दिसतो, रेषा नसतेही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूवर उपचार झालेल्यांतही कॅन्सर साध्या सुजेसारखा भासू शकतो.

लहान डागाचे तपासणीसाठी (बायोप्सी) पाच-सहा तुकडे ओरबाडून काढू नका. खालचा थर चिकटतो आणि दुर्बिणीतूनच तो भाग सोलून काढणाऱ्याची पंचाईत होते. नेमक्या जागेचे एक-दोन पुरेत. व्रण असेल तर मात्र कडांचे अनेक तुकडे लागतात.

एक चूक रुग्णांचीही, आणि ती मला सगळ्यांत सतावते: वजन घटतंय, शौचाला काळं होतंय, तरी महिनोन्‌महिने दुकानातून पँटोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी आणून खाणं. त्या गोळीने कॅन्सरचा व्रणही वरवर भरून येतो. म्हणून जठराचा व्रण निघाला, तर पोट दुखायचं थांबलं तरी ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून त्या जागेचे तुकडे घ्यायला सांगा.