डेस्कटॉप बिघडला? कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीतला सॉकेट तपासा

दुकानात नेलेला पीसी तिथे दिवसभर ठणठणीत चालतो, घरी आणला की संध्याकाळी पुन्हा मधेच बंद पडतो. मग रॅम बदलली जाते, फॉरमॅट मारला जातो, शेवटी मदरबोर्ड बदलायचा सल्ला मिळतो. अशा तक्रारीत दोष मशिनच्या बाहेर असण्याची शक्यता मोठी असते: लो व्होल्टेज, नसलेलं अर्थिंग, थकलेली यूपीएसची बॅटरी किंवा मे महिन्यातली बेचाळीस अंशांची खोली. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशिन सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि चांगला पार्ट भंगारात जाईल.

वीज आणि अर्थिंग

मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास हवं. फेज-अर्थही जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. पाचच्या वर जात असेल तर न्यूट्रल ढिला आहे, त्या लाईनवर लोड जास्त आहे किंवा अर्थिंग कमकुवत आहे. चालू लाईनवर मीटर कधी लावला नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या. मोजायची वेळही महत्त्वाची. दुपारी २३५ दाखवणारी लाईन डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) लोड वाढला की संध्याकाळी १७० वर येऊ शकते, म्हणून तक्रार ज्या वेळी येते त्याच वेळी मोजा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो, याचा अर्थ अर्थिंग पोचत नाही. एसएमपीएसमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, पण चालू मशिनला एचडीएमआय किंवा यूएसबी केबल लावताना तेवढ्यानेही पोर्ट जाऊ शकतो.

काळ्या मातीत ही अडचण उन्हाळ्यात वाढते. जमीन भेगाळते, रॉडभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी उन्हाळाभर त्यात नियमित पाणी घालावं लागतं. एक गोष्ट मात्र कधीच करू देऊ नका. अर्थिंग नाही म्हणून काही जण सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. मुंग्या थांबतात खऱ्या, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येतात. यात माणूस दगावतो.

अवकाळीच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की पॉवरची पिन काढाच, सोबत लॅन केबलही काढा. छतावरून किंवा खांबावरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून येणारा झटका राउटर आणि बोर्डाचा लॅन पोर्ट दोन्ही जाळतो. तिथे यूपीएस काहीच वाचवत नाही.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. त्यातून प्रत्यक्षात ३६० वॅटच मिळतात, हे लक्षात ठेवा. लेझर प्रिंटर त्यावर कधीच लावू नका. प्रिंट सुरू होताना तो एकदम मोठा लोड खेचतो आणि यूपीएस ट्रिप होऊन पीसीही बंद पडतो. ई-सेवा केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात ही चूक सर्रास दिसते.

आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत त्याहून कमी. तिची चाचणी चालू पीसीवर घेऊ नका. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब यूपीएसवर लावा, मेन बंद करा आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी एक-दोन मिनिटांत १०.५च्या खाली घसरली तर ती संपली.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर जेमतेम १५-१७ मिलिसेकंद तग धरतो. चांगला, ॲक्टिव्ह पीएफसीचा (मेनमधून करंट सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा) नवा एसएमपीएस घेतल्यावरच पीसी लाईट जाताना बंद पडू लागला, तर एसएमपीएसला दोष देण्याआधी यूपीएस बघा. स्वस्त यूपीएसचा चौकोनी वेव्ह काही अशा एसएमपीएसना मानवत नाही. तिथे प्युअर साइन वेव्हचा यूपीएस लागतो.

ऊन, धूळ आणि पाण्याचा कूलर

प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. पंचवीस अंशांच्या खोलीत फुल लोडवर ७० दाखवणारा प्रोसेसर बेचाळीस अंशांच्या खोलीत ८७च्या आसपास जाणार, त्यात बिघाड काही नाही. पण बहुतेक इंटेल प्रोसेसर १००च्या जवळ आणि एएमडीचे रायझेन ९०-९५च्या जवळ स्वतःचा वेग कमी करतात. ‘पीसी दुपारी स्लो, रात्री बरा’ या तक्रारीचं उत्तर इथे असतं. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून दुपारी काम करताना आकडे बघा.

कापसाच्या पट्ट्यात हवेतले तंतू प्रोसेसरवरच्या कूलरच्या पात्यांखाली साचून नमद्यासारखा थर होतो. सोयाबीनच्या मळणीत भुसा, उन्हाळ्यात काळी धूळ. दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, जिनिंगजवळ राहत असाल तर दर महिन्याला. पिन काढून मशिन बाहेर न्या आणि प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून हवा मारा. मोकळा सोडलेला पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब करतो. एसएमपीएस उघडू नका, जाळीतूनच हवा मारा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या गेल्या असतील तर नव्या लावून घ्या. पाली आणि उंदीर तिथूनच आत शिरतात.

आपल्याकडे घरोघरी असलेला पाण्याचा कूलर माणसाला सुखावतो, पण त्याच्या थेट झोतात कॅबिनेट नको. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब सुकले की बोर्डावर पांढरे क्षार उरतात आणि दमट हवेत रॅमचे सोनेरी कॉन्टॅक्ट गंजू लागतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा, बोटाने पसरू नका. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरच्या चार पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबा आणि प्रत्येकीचा ‘टक’ आवाज ऐका. एक जरी पिन अर्धवट राहिली तर पीसी सुरू होतो आणि काही मिनिटांत तापून वेग सोडतो किंवा बंद पडतो. रायझेनच्या एएम४ सॉकेटवरचा कूलर कधीच सरळ वर ओढू नका. आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग तो बंद करून पॉवरची पिन काढा आणि कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

आधी मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाला नाही. आय३-१२१००एफसारख्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे कार्डाशिवाय तिथे डिस्प्ले कधीच येणार नाही.

मग या क्रमाने जा:

१. पिन काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा.
२. रॅम काढून कॉन्टॅक्ट अल्कोहोलने पुसा आणि एकच कांडी लावा. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट. डिस्प्ले आला नाही तर दुसरी कांडी, मग दुसरा स्लॉट.
३. बोर्डावर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची पॉवर वायर घट्ट बसली आहे का बघा. ती नसेल तर पंखे फिरतात, बाकी काही होत नाही.
४. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, २.७च्या खाली असेल तर बदला. तारीख-वेळ मागे जात असेल तर न मोजताही बदला. सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की बायोसच्या (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंगही मूळ पदावर येतात.
५. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, यूएसबीची सगळी उपकरणं काढा. तरीही नाही, तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस एवढंच जोडा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर टेकवा. पुठ्ठ्यावर चालतं आणि कॅबिनेटमध्ये चालत नसेल तर बोर्डाखाली जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो पितळी खुंटा) किंवा पडलेला स्क्रू शॉर्ट करतो आहे.

नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो तिथे गाडी अडली आहे. मात्र डीडीआर५ रॅमचं नवं मशिन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करत काही मिनिटं काळं राहू शकतं. तेवढ्यात घाईने स्विच बंद करू नका.

मशिन अजिबातच सुरू होत नसेल तर एसएमपीएस बोर्डापासून सोडवा, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि कुठलीही एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बहुधा गेला. फिरला म्हणून तो चांगला आहे असं मात्र होत नाही. मशिन चालू असताना पिवळी वायर ११.४ ते १२.६ आणि लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत राहिली पाहिजे.

मधेच बंद, हँग, निळी स्क्रीन

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक एसएमपीएस बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की विंडोज नीट बंद न होता मशिन गेलं. कारण सांगत नाही. झटक्यात बंद पडत असेल तर वीज आणि तापमान बघा. निळी स्क्रीन दर वेळी वेगळ्या नावाची येत असेल तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही एरर चालत नाही. नुसतं अडकत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कच्या ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या ओळी बघा. तिथे शून्यापेक्षा जास्त आकडा असेल तर आधी डेटा दुसरीकडे हलवा, बाकी सगळं नंतर. सी७ वाढत असेल तर डिस्क बरी असू शकते, साटा (डेटाची) केबल बदला.

जुन्या मशिनवर खर्च कुठे करायचा

हार्ड डिस्कवर चालणाऱ्या मशिनला एसएसडी लावणं हाच सगळ्यात मोठा फरक. एच६१सारख्या जुन्या इंटेल बोर्डाचे साटा पोर्ट जुन्या वेगाचे असल्याने तिथे एसएसडीला निम्माच वेग मिळतो, तरीही हार्ड डिस्कपेक्षा फरक ठळक जाणवतो. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवर ठेवा. नंतर बदलला तर निळी स्क्रीन येते. त्यानंतर रॅम ८ किंवा १६ जीबी करा. डीडीआर३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकाची दुसऱ्यात बसत नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीखाली किती स्लॉट भरले आहेत ते दिसतं. ते बघूनच रॅम आणायला निघा.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल किंवा रायझेन २०००पासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशिनवर ग्राफिक्स कार्ड किंवा महाग रॅम घालू नका. फार तर एसएसडी लावा, जी पुढच्या मशिनलाही कामी येईल. लिनक्स टाकायचा विचार असेल तर अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन आणि प्रिंटर यांचे ड्रायव्हर आधी शोधा.

नवी जोडणी, आणि सल्ला विचारताना

दुकानदाराला किंवा जाणकाराला ‘चांगला पीसी सांगा’ म्हणून उपयोग नाही. काम काय, बजेट मॉनिटर-यूपीएस धरून किती, लाईट किती वेळ जाते आणि खोलीत एसी आहे का, एवढं सांगा. दुरुस्ती असेल तर सिस्टम इन्फर्मेशनमधलं बोर्डाचं नाव, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, तक्रार कधी येते आणि आतापर्यंत काय बदललं ते द्या.

पार्ट जुळतात का हे पैसे देण्याआधी बघा. इंटेल प्रोसेसरचे बी६६० आणि बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. जुन्या साठ्यातल्या बी४५० बोर्डावर रायझेन ५००० चालवायला आधी बायोस अपडेट लागतं. ते दुकानातच करून मागा. जुन्या एलजीए १२०० सॉकेटचा कूलर एलजीए १७००वर बसत नाही, कारण भोकांमधलं अंतर ७५ऐवजी ७८ मिलिमीटर आहे. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणारा एसएमपीएस वापरू नका. ग्राफिक्स कार्डाशिवाय ४५० वॅटचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा भरपूर होतो.

नांदेड-लातूरकडून सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटर या कॉम्प्युटर बाजारात किंवा पुण्या-मुंबईला जाऊन खरेदी करणार असाल तर प्रवासखर्च धरून गावातल्या भावाशी तुलना करा. एक पार्ट बदलून आणायला दुसरी खेप पडली की वाचलेले पैसे गेले. जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, बिलाचा फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची छपाई उन्हाळ्यात वर्षभरात उडते. खोकी निदान वॉरंटीच्या पहिल्या वर्षात टाकू नका.